दाण्यातली शिदोरी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, सायखेडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानाच्या एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. प्रयोगशाळेतील उपकरणांची ओळख करून देणे हे माझ्या सहकाऱ्यांचे काम आहे, आणि ते ते उत्तम करतात. म्हणून मी असा विषय निवडला आहे की ज्याची प्रयोगशाळा प्रत्येकाच्या घरात आहे. ओल्या फडक्यात बांधलेल्या धान्याला मोड येतात, तेव्हा त्या दाण्याच्या पोटात काय घडते, हा तो विषय. ऐकायला किरकोळ वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या गव्हाचा भाव आणि तान्ह्या लेकराची वाटी या दोन्ही गोष्टी या एका घटनेला बांधलेल्या आहेत, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम दाणा म्हणजे काय ते पाहू. गव्हाचा दाणा हा एक प्रवासी आहे असे समजा. त्याच्या एका टोकाला इवलासा अंकुर झोपलेला असतो, आणि बाकीचा सगळा दाणा ही त्या अंकुराची शिदोरी असते. शंभर ग्रॅम गव्हात साधारण ६० ते ७० ग्रॅम स्टार्च आणि १० ते १२ ग्रॅम प्रथिने असतात. रोपाला हिरवी पाने फुटून ते उन्हात स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत त्याने याच शिदोरीवर जगायचे असते. आपण पोळी खातो ती खरे पाहता या अंकुरासाठी बांधून ठेवलेली शिदोरीच खातो.

आता अडचण अशी की, ही शिदोरी कुलुपात असते. स्टार्च म्हणजे साखरेच्या हजारो कणांची लांबच लांब साखळी. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी. या साखळ्या इतक्या मोठ्या असतात की त्या अंकुराला ओढून घेता येत नाहीत. त्यांचे बारीक तुकडे झाले, तरच ते अन्न त्याच्या तोंडी लागणार. हे तुकडे करणारे जे पदार्थ आहेत त्यांना एन्झाइम म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना विकर असेही नाव आहे. घरातला अडकित्ता आठवा. अडकित्ता सुपारी कातरतो, पण स्वतः संपत नाही. एक झाली की दुसरी कातरायला तयार. एन्झाइमचे तसेच आहे. मात्र प्रत्येक अडकित्त्याची सुपारी ठरलेली. स्टार्च कातरणारे एन्झाइम प्रथिनाला हात लावीत नाही, आणि प्रथिन कातरणारे स्टार्चकडे ढुंकून पाहत नाही.

मोड आलेल्या जवातून असा स्टार्च विरघळवणारा पदार्थ सन १८३३ मध्ये फ्रान्समधील पायेन आणि पर्सोझ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा केला, आणि त्याला डायस्टेज असे नाव दिले. पण एन्झाइम कशाचे बनलेले असते हे कळायला पुढे जवळजवळ शतक जावे लागले. अमेरिकेतील जेम्स समनर यांनी १९२६ साली एका जातीच्या घेवड्याच्या बियांतून युरिएज नावाचे एन्झाइम स्फटिकाच्या रूपात मिळवले, आणि ते प्रथिन आहे असे दाखवून दिले. विद्यार्थी मित्रांनो, या समनर यांचा डावा हात लहान वयातच शिकारीतील अपघातामुळे गेला होता. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एन्झाइम हे स्वतःच प्रथिन असते, ही गोष्ट मनात पक्की धरा. आजच्या सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे. प्रथिनाच्या साखळीची एक ठराविक घडी असते, आणि ती घडी शाबूत असेल तोवरच एन्झाइम काम करते. कच्च्या अंड्यातील पांढरा बलक पातळ व पारदर्शक असतो. उकळत्या पाण्यात टाकला की तो घट्ट व पांढरा होतो, आणि नंतर कितीही थंड केला तरी पहिल्यासारखा होत नाही. तेथे प्रथिनाची घडी मोडलेली असते. मोड आलेल्या धान्यातील एन्झाइमचेही उष्णतेपुढे असेच होते. मात्र सगळी एन्झाइमे सारखी नाजूक नसतात. जवाच्या मोडात स्टार्च कातरणारी दोन मुख्य एन्झाइमे असतात, अल्फा-अमायलेज आणि बीटा-अमायलेज. त्यांतील बीटा ६५ अंशांच्या आसपास लवकर निकामी होते. अल्फा ७० अंशांपर्यंत तग धरते, कारण तिच्या घडीला कॅल्शियमचा टेकू असतो. उकळत्या पाण्यात मात्र दोघींचाही टिकाव लागत नाही.

आणखी एक बारकावा आहे. ओले एन्झाइम उष्णतेला लवकर बळी पडते, कोरडे एन्झाइम बरेच सोसते. म्हणूनच मोडाचे धान्य आधी उन्हात कडक वाळवून मग मंद आचेवर हलके भाजले, तर त्यातील एन्झाइमची शक्ती पुष्कळशी टिकते. तेच धान्य ओलसर असतानाच तव्यावर टाकले, तर खमंगपणा येईल, पण एन्झाइम संपेल. आपल्या जुन्या बायका 'आधी चांगले वाळव, मग भाज' असे सांगतात, त्यामागचे कारण हे आहे.

आता हे एन्झाइम येते कोठून ते पाहू. येथे मला द्राक्षबागेत जावे लागेल. आपल्या निफाड तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला 'जीए' म्हणजे काय हे विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे घड जीएच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे घड लांबतो व मणी फुगतो, हे तो लगेच सांगेल. हे जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याची कथा भाताच्या शेतात सुरू झाली. जपानमध्ये भातावर एक रोग पडे. रोपे एकाएकी उंच व किडकिडीत वाढत आणि कोलमडून पडत. शेतकरी त्याला 'वेडे रोप' म्हणत. कुरोसावा या संशोधकाने १९२६ मध्ये तैवानात दाखवले की, एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे हे घडते. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे लक्षात आले की, हे द्रव्य वनस्पती स्वतःही तयार करतात आणि त्यावर त्यांची वाढ अवलंबून असते.

दाण्याला पाणी मिळाले की झोपलेला अंकुर जागा होतो, आणि तो हेच जिबरेलिन बाहेर सोडतो. हा जणू त्याचा निरोप असतो. तो निरोप पोचतो दाण्याच्या सालीखालच्या एका पातळ थराकडे. या थराला ॲल्यूरोन थर म्हणतात. हा थर एन्झाइम पाझरतो हे जर्मन भाषेत लिहिणारे वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १८९० मध्येच सांगून ठेवले होते. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील पॅलेग आणि जपानमधील योमो यांनी एकमेकांपासून दूर राहून एक साधा, पण फार शहाणपणाचा प्रयोग केला. त्यांनी जवाचा दाणा आडवा कापला व अंकुराची बाजू टाकून दिली. उरलेला अर्धा दाणा नुसत्या पाण्यात ठेवला, तर स्टार्च जवळजवळ तसाच राहिला. पाण्यात जिबरेलिक आम्लाचा अंश घातला, तर अंकुर नसतानाही स्टार्च विरघळू लागला. निरोप मिळाला की काम सुरू, मग निरोप्या कोणीही असो!

परंतु प्रश्न राहिलाच. हे एन्झाइम दाण्यात आधीपासून दडवून ठेवलेले होते, की निरोप मिळाल्यावर नव्याने घडवले गेले? अमेरिकेतील फिलनर आणि व्हार्नर यांनी १९६७ साली याचे उत्तर शोधले. त्यांनी दाण्यांना साध्या पाण्याऐवजी जड ऑक्सिजन असलेले पाणी दिले. जुने प्रथिन तुटते तेव्हा प्रत्येक तुकडा पाण्यातील ऑक्सिजन उचलतो. म्हणजे या पाण्यात जुने प्रथिन तुटून सुटलेली ॲमिनो आम्ले किंचित जड होणार, आणि त्यांपासून नवे एन्झाइम घडले असेल तर तेही जड भरणार. अल्फा-अमायलेज खरोखरच जड भरले. याचा अर्थ असा की, त्या थराने आपल्याजवळ साठवलेले जुने प्रथिन मोडले आणि त्याच मालातून नवे एन्झाइम घडवले. जुन्या वाड्याच्या विटा काढून नवी शाळा बांधावी, तसे हे झाले.

त्यानंतर हा थर प्रथिन कातरणारी एन्झाइमेही सोडतो. ती दाण्याच्या आंबटसर झालेल्या गाभ्यात काम करतात. साठ्यातील प्रथिनाचे प्रथम मोठे तुकडे होतात, मग बारीक तुकडे, मग सुटी ॲमिनो आम्ले. बीटा-अमायलेज मात्र नव्याने घडत नाही. ती दाण्यात आधीपासूनच साठ्याच्या प्रथिनाला बांधलेली असते, आणि प्रथिन कातरणारी एन्झाइमे तिला मोकळी करतात. अंकुर व साठा यांच्यामध्ये ढालीसारखा एक पडदा असतो. तो ही साखर आणि ही ॲमिनो आम्ले शोषून कोवळ्या मुळाकडे व कोंबाकडे पाठवतो. हे सगळे काम उरकले की ॲल्यूरोन थराच्या पेशी स्वतःच विरून जातात. जे साठवले ते पुढच्या पिढीला पोचते झाले, एवढ्यावर त्यांचे आयुष्य संपते.

बंधू-भगिनींनो, येथवर शास्त्र झाले. आता आपल्या गावाकडे येऊ. आपले सायखेडा गोदाकाठी आहे. समोर चांदोरी, आणि आसपास गहू, कांदा, द्राक्षे. गव्हाच्या संशोधनासाठी आपला तालुका प्रसिद्ध आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र निफाडजवळ कुंदेवाडीला आहे. त्र्यंबक, तपोवन हे सरबती गहू आणि पंचवटी, गोदावरी हे बन्सी गहू तेथूनच निघाले. पण गहू कितीही चांगल्या वाणाचा असो, कापणीच्या तोंडावर पाऊस आला तर काय होते? मार्च २०२३ मध्ये जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारा झाल्या, तेव्हा उभा आणि कापून पडलेला गहू भिजला. पिकलेली ओंबी एक-दोन दिवस ओली राहिली की शेतातच दाण्याला वाटते, पेरणी झाली! अंकुर निरोप पाठवतो, आणि शिदोरी उघडते. पुष्कळदा मोड डोळ्यांना दिसतही नाही, पण एन्झाइम तयार होऊन बसलेले असते. तांबड्या सालीच्या गव्हापेक्षा पांढऱ्या सालीच्या गव्हाला हा धोका अधिक असतो.

अशा गव्हाचे पीठ मळले की कणीक चिकट होते. पोळी नीट लाटली जात नाही. पावाचा गाभा गिच्च होतो. कारण दुहेरी असते: स्टार्च तुटल्यामुळे पाणी धरले जात नाही, आणि कणकेला ताण देणारे ग्लुटेन हे प्रथिनही कातरले जाते. मोठ्या गिरण्यांत यासाठी एक चाचणी असते. ७ ग्रॅम पीठ व २५ मिलिलिटर पाणी एका नळीत घालून ती उकळत्या पाण्यात ठेवतात, मिनिटभर ढवळतात, आणि मग त्या खळीतून एक दांडी खाली जायला एकूण किती सेकंद लागतात ते मोजतात. चांगल्या गव्हाला ३०० सेकंदांहून अधिक लागतात. मोड आलेल्या गव्हाची खळ पातळ होते, आणि दांडी ६२ सेकंदांतच तळाला जाऊ शकते. स्वीडनमधील हागबर्ग व पेर्टेन यांच्या नावाशी ही चाचणी जोडलेली आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. पाऊस लागलेला गहू कोरड्या गव्हात मिसळू नका. वेगळा ठेवा, पातळ पसरून वाळवा, आणि बियाण्यासाठी तर मुळीच राखू नका. ज्या दाण्यातून मूळ बाहेर पडले, तो पुन्हा वाळवला की अंकुर मरतो; वाळण्याची सहनशक्ती त्याने गमावलेली असते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह गरिबाघरी होतो. त्यात घाण पाण्याचे जंतू व बुरशीचे विष असू शकते. ते मुलांच्या ताटात जाऊ देऊ नये. उलट, कोरडे राखलेले बियाणे फार काळ साथ देते. बियाण्याचा जाणकारांनी सांगितलेला ठोकताळा असा की, त्यातील ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होते. मात्र कोरडेपणालाही मर्यादा आहे. इजिप्तच्या थडग्यांतील हजारो वर्षांचा गहू उगवला अशी गोष्ट पुष्कळदा ऐकू येते. ती खरी नाही. इतक्या काळात दाण्यातील प्रथिने व जीवद्रव्य हळूहळू बिघडून जातात.

शेतकऱ्याचे नुकसान करणारे हेच एन्झाइम आईच्या हाती मात्र सोन्यासारखे उपयोगी पडते. माझ्या भाषणाचा हा मुख्य भाग आहे, आणि माता-भगिनींनी तो लक्ष देऊन ऐकावा.

सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न द्यावे लागते. आपण पेज किंवा खीर देतो. पीठ थोडे जास्त पडले की ती घट्ट होते, बाळाला गिळवत नाही. म्हणून आपण पाणी वाढवतो. आता हिशेब पाहा. सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर मावते. पातळ पेजेत शंभर मिलिलिटरला ५ ग्रॅम पीठ असेल, तर बाळाच्या पोटात गेले १० ग्रॅम, म्हणजे अवघ्या ३५ कॅलरी. पोट भरले, पण अन्न गेले नाही! बाळ रडत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि ते मात्र वजनाने मागे पडत जाते. तेवढ्याच पेजेत २० ग्रॅम पीठ बसवता आले, तर दर वाटीला ७० कॅलरी जातील. पण एवढी घट्ट पेज बाळ खाणार कसे?

उत्तर मोडाच्या पिठात आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेतही नाचणीच्या मोडावर असेच संशोधन झाले. पीठ नेहमीपेक्षा जास्त घालून घट्ट पेज पूर्ण शिजवावी. मग पातेले खाली उतरवून थोडे थांबावे. पेज गरम असावी, पण उकळती नसावी, साधारण ६० ते ७० अंश. त्यात मोडाचे पीठ चमचाभर घालून ढवळावे. काही मिनिटांतच, पाण्याचा थेंब न घालता, ती घट्ट पेज पातळ होते. संक्रांतीला येवल्यात पतंगाच्या मांजाचा गुंता सोडवताना आपण काय करतो? चार ठिकाणी तोडला की सगळा गुंता एकदम सैल होतो. अल्फा-अमायलेज स्टार्चच्या साखळीला मध्येच चार-दोन ठिकाणी तोडते, आणि घट्टपणा उतरतो. अन्न तेवढेच राहते. त्यानंतर पेजेला पुन्हा एक उकळी अवश्य द्यावी. मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. त्या उकळीत जंतू मरतात, आणि एन्झाइमही मरते. पण तोवर त्याचे काम झालेले असते.

आता चूक कोठे होते ते पाहा. मोडाचे पीठ सुरुवातीलाच उकळत्या पाण्यात वैरले, तर एन्झाइमची घडी मोडते आणि पेज घट्ट ती घट्टच राहते. सामान तेच, चूल तीच, हात तोच. फरक फक्त केव्हा घातले एवढाच.

हे पीठ बाजारातून आणण्याची गरज नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे जी नागली पिकते, म्हणजे नाचणी, ती यासाठी फार चांगली. गहू किंवा बाजरीही चालते. धान्य निवडून, धुऊन रात्रभर भिजवावे. पाणी काढून ओल्या स्वच्छ फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावे, आणि अधूनमधून पाणी शिंपडावे. बारीक मोड आले की कडक उन्हात खडखडीत वाळवावे, चोळून मोड झाडून टाकावेत, मंद आचेवर हलके गरम करून दळावे, आणि कोरड्या डब्यात ठेवावे. बुरशी आली किंवा कुबट वास आला, तर ते धान्य टाकून द्यावे.

एक इशारा द्यायला हवा. ज्वारीला मोड आणून मुलांना देऊ नका. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ज्वारीच्या कोवळ्या मोडातही तेच सायनाइडचे विष तयार होते. ज्वारीची भाकरी उत्तम, ज्वारीचे मोड नकोत.

दुसरा इशारा गैरसमजाबद्दल. मोड आले की प्रथिने दुप्पट होतात असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. बाहेरून प्रथिन येणार कोठून? असलेले प्रथिन तुटते व पचायला सोपे होते. लोहाला धरून ठेवणारे फायटेट कमी होते, त्यामुळे धान्यातील लोह अंगी लागायला मदत होते. हा लाभ मोठा आहे, पण मोडाचे पीठ म्हणजे डाळ, अंडे किंवा दूध नव्हे. पेजेत मूगडाळ घाला, चमचाभर तेल किंवा तूप घाला.

आपल्या घरांना ही विद्या नवी नाही. दिल्लीच्या सोहन हलव्यात आणि हैदराबादच्या जौजी हलव्यात समनक घालतात. समनक म्हणजे अंकुरित गहू. इराण-अफगाणिस्तानात तर नौरोजला केवळ मोडाच्या गव्हापासून, साखर न घालता, गोड समनू रांधतात. तो गोडवा बीटा-अमायलेजने तोडलेल्या स्टार्चचा असतो. आणि आपल्या शेजारच्या घरी कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात. तीन दिवस पाण्यात राहूनही त्याला मोड का येत नाहीत? कारण तो पूर्ण बुडालेला असतो, हवा मिळत नाही, आणि हवेवाचून गव्हाचा अंकुर जागा होत नाही. मोड आले असते, तर चीक शिजवताना पातळ झाला असता आणि कुरडई पडलीच नसती. भाताचे मात्र वेगळे आहे. भाताचा दाणा पाण्याखाली हवेवाचूनही अमायलेज तयार करतो व कोंब काढतो, म्हणून चिखलातल्या शेतात तो तगतो. आपल्या दादी-नानी, शेजारच्या काकू-मावशी हे सगळे अनुभवाने जाणतात. त्या जाणिवेला कारण जोडून देणे हे शाळेचे काम.

विद्यार्थी मित्रांनो, दोन प्रयोग घरी करा, मोठ्यांना सोबत घेऊन. पहिला असा. गव्हाच्या पिठाची घट्ट खळ शिजवून तीन वाट्यांत घाला. जरा निवल्यावर एकीत काही घालू नका, दुसरीत मोडाचे पीठ घाला, तिसरीत पाण्यात आधी उकळून घेतलेले मोडाचे पीठ घाला. पंधरा मिनिटांनी चमचा फिरवून पाहा. मग प्रत्येकीतील थोडा भाग पाण्यात मिसळून त्यात आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग कोठे गडद आणि कोठे फिका, ते वहीत लिहा. दुसरा प्रयोग प्रथिनाचा. साध्या गव्हाच्या कणकेचा गोळा आणि मोडाच्या गव्हाच्या कणकेचा गोळा, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत पाण्याखाली चोळून धुवा. पहिल्यातून रबरासारखे ताणणारे ग्लुटेन उरेल. इटलीतील बेक्कारी यांनी असेच कणीक धुऊन ग्लुटेन वेगळे केले, आणि त्यांचे ते लेखन १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्यातून किती उरते आणि ते कसे ताणते, ते तुम्हीच पाहून मला सांगा. उत्तर पुस्तकात न शोधता पातेल्यात शोधा.

पालकांना शेवटची विनंती. हा विषय मुलांइतकाच मुलींचा आहे. ज्या मुलीला एन्झाइम म्हणजे काय हे आठवीत कळले, ती उद्या आई होईल तेव्हा पेज पातळ करायला पाणी वाढवणार नाही. तिचे शिक्षण मध्येच थांबवणे म्हणजे तिच्या पुढच्या पिढीची वाटी अर्धी रिकामी ठेवणे होय. मुलीला शाळेत पाठवा, आणि तिने घरी प्रयोग मांडला तर चार वाट्या व थोडे पीठ वाया गेले म्हणून रागावू नका.